‘मा’ या शब्दाचा अर्थ कोणी ठरवायचा?

ओठ मिटून नाकावाटे सोडलेला एक आवाज आणि त्याच्या पाठोपाठ उघडलेल्या तोंडाचा स्वर, एवढ्याच सामग्रीतून तयार होणारा ‘मा’ हा शब्द जगातल्या इतक्या भाषांत आणि इतक्या निरनिराळ्या अर्थांनी वावरतो, की शब्द आणि अर्थ यांच्या संबंधाविषयीचा जुना प्रश्न त्याच्या आधाराने पुन्हा मुळापासून तपासून पाहता येतो. गुजरातीत ‘मा’ म्हणजे आई, संस्कृतात तो निषेध, इटालियनमध्ये ‘पण’, हंगेरियनमध्ये ‘आज’, पोलिशमध्ये ‘त्याच्यापाशी आहे’, फारसीत ‘आम्ही’, अरबीत ‘काय’, थाई भाषेत ‘येणे’, तमिळमध्ये आंब्याचे झाड, आणि जपानीत दोन वस्तूंच्या किंवा दोन आवाजांच्या मधली मोकळी जागा. ही यादी वाटेल तेवढी लांबवता येईल, परंतु तेवढ्याने हाती काही लागणार नाही. या अर्थांपैकी कोणते एकमेकांचे सगेसोयरे आहेत, कोणते एका भाषेने दुसरीकडून उसने घेतले आहेत आणि कोणते केवळ योगायोगाने एका उच्चारात येऊन भेटले आहेत, हे ओळखण्याची कसोटी कोणती, आणि एखाद्या शब्दाचा अर्थ ठरवण्याचा अधिकार शेवटी कोणाचा, हे प्रस्तुत व्याख्यानाचे दोन प्रश्न आहेत.

आरंभीच एक मर्यादा स्पष्ट केली पाहिजे. देवनागरीत ‘मा’ असे लिहिले की हे सगळे उच्चार एकच वाटू लागतात, आणि प्रत्यक्षात ते तसे नसतात. एस्टोनियन भाषेत हाच उच्चार दीर्घ केला तर ‘भूमी’ असा अर्थ होतो आणि ऱ्हस्व केला तर ‘मी’ असा होतो. चिनी, थाई, व्हिएतनामी यांसारख्या भाषांत तर स्वराच्या लांबीखेरीज सूरही अर्थ ठरवतो. मराठीत ‘होय’ हा शब्द चढत्या सुरात उच्चारला तर प्रश्न होतो आणि उतरत्या सुरात उच्चारला तर होकार होतो, म्हणजे सुराने वाक्याचा भाव बदलतो, पण शब्द तोच राहतो. सुराच्या भाषांत मात्र सूर बदलला की शब्दच दुसरा होतो. बीजिंगच्या प्रमाण चिनीत उंच आणि सपाट सुरातला ‘मा’ म्हणजे आई, चढत्या सुरातला म्हणजे दोरखंडाचे धागे देणारी भांगेची जात, खाली जाऊन पुन्हा वर येणाऱ्या सुरातला म्हणजे घोडा, आणि झपकन उतरणाऱ्या सुरातला म्हणजे शिव्या देणे. वाक्याच्या शेवटी सुराविना येणारा ‘मा’ हा तर मराठीतल्या ‘का?’प्रमाणे साध्या विधानाचा प्रश्न करून टाकतो. व्हिएतनामीत सूर सहा आहेत, आणि त्यांच्यानुसार हाच ध्वनी अनुक्रमे भूत, ‘पण’, थडगे, घोडा, आई आणि भाताचे रोप अशा सहा अर्थांना वाहून नेतो, त्यातही ‘आई’ हा अर्थ विशेषतः दक्षिणेकडचा असून त्याच सुरात ‘गाल’ असाही अर्थ होतो. पोर्तुगीज आणि फ्रेंच मिशनऱ्यांनी सतराव्या शतकात व्हिएतनामी भाषा रोमन लिपीत उतरवली, तेव्हा या सुरांसाठी त्यांना अक्षरांच्या डोक्यावर आणि पायाशी निराळ्या खुणा कराव्या लागल्या. आलेक्सांद्र द रोद या जेसुइट धर्मोपदेशकाचा व्हिएतनामी-पोर्तुगीज-लॅटिन कोश १६५१ मध्ये रोम येथे छापला गेला, त्यात या खुणा आहेत. तेव्हा पुढील विवेचनात ‘मा’ हा शब्द जिथे जिथे येईल तिथे तो एका स्थूल ध्वनिरूपाचे नाव म्हणून घ्यावा, अगदी एकाच उच्चाराचे नाव म्हणून नव्हे.

एका ध्वनीला निरनिराळ्या लोकांत निरनिराळा अर्थ असतो, ही गोष्ट भारतीय शास्त्रकारांनी फार प्राचीन काळी हेरली होती, आणि तिच्यावरून त्यांच्यात मोठा वाद झाला. मीमांसक, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावण्याचे नियम सांगणारे तत्त्वज्ञ, असे मानत की शब्द आणि अर्थ यांचा संबंध ‘औत्पत्तिक’ आहे. म्हणजे तो कोणी केव्हातरी ठरवलेला नसून उपजत आणि नित्य आहे. नैयायिकांना, म्हणजे तर्कशास्त्राची परंपरा चालवणाऱ्यांना, हे मान्य नव्हते. त्यांच्या मते हा संबंध ‘सामयिक’ आहे, म्हणजे लोकांनी आपसांत मानलेल्या संकेताने सिद्ध झालेला आहे. न्यायसूत्रांनी त्यासाठी दिलेला युक्तिवाद आजही पुरेसा आहे: शब्दार्थसंबंध जर निसर्गाने घालून दिलेला असता, तर निरनिराळ्या जनसमूहांत त्यात फरक पडला नसता, जसा दिव्याचा प्रकाश एका समूहाला एक वस्तू आणि दुसऱ्याला दुसरी वस्तू दाखवत नाही, पण भाष्यकार वात्स्यायनाने नोंदवल्याप्रमाणे ऋषी, आर्य आणि म्लेच्छ हे आपापल्या परीने शब्द योजतात. म्लेच्छ या शब्दाचा येथे अर्थ एवढाच की संस्कृतेतर भाषा बोलणारे लोक. फेर्दिनां द सोस्यूर या स्विस भाषाशास्त्रज्ञाची व्याख्याने त्याच्या मृत्यूनंतर १९१६ मध्ये ग्रंथरूपाने आली आणि शब्द व अर्थ यांचा संबंध यादृच्छिक असतो हे तत्त्व आधुनिक भाषाशास्त्राचा पाया ठरले. न्यायसूत्रांची भूमिका त्या तत्त्वाच्या किती जवळ जाते हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

परंतु संबंध संकेताचा आहे एवढे म्हटल्याने दुसरा प्रश्न सुटत नाही, कारण संकेत अनेक असतील तर त्यांपैकी कोणता प्रमाण मानायचा हे उरतेच. यास्काने निरुक्तात आणि पुढे पतंजलीने महाभाष्यात एक उदाहरण दिले आहे: ‘शवति’ हे क्रियापद कंबोज लोक ‘जाणे’ या अर्थाने वापरतात, आणि आर्यांच्या बोलण्यात मात्र त्याच धातूपासून झालेला ‘शव’ हा मृतदेहाचा वाचक शब्दच तेवढा आढळतो. कंबोजांचा हा प्रयोग इराणी भाषांतल्या ‘जाणे’ या अर्थाच्या धातूशी जुळतो, त्यामुळे दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या वैयाकरणांनी केलेली ही नोंद किती नेमकी होती हे आधुनिक संशोधनालाही पटले आहे. विशेष हे, की त्या काळच्या वैयाकरणांनी कंबोजांचा प्रयोग अशुद्ध म्हणून झटकून टाकला नाही, तो एका देशाचा प्रयोग म्हणून नोंदवला.

मीमांसासूत्रांवरील शबराचे भाष्य याच्याही पुढे जाते. वैदिक वाङ्मयात ‘पिक’, ‘नेम’, ‘तामरस’ असे काही शब्द येतात, ज्यांचा अर्थ आर्यांच्या व्यवहारात ठाऊक नव्हता, पण म्लेच्छांच्या व्यवहारात तो सर्वांना ठाऊक होता: पिक म्हणजे कोकिळ, नेम म्हणजे अर्धे, तामरस म्हणजे कमळ. आता यांचा अर्थ व्युत्पत्तीची ओढाताण करून लावायचा, की म्लेच्छांना विचारायचा? शबराचा निर्णय असा, की म्लेच्छांचाच अर्थ स्वीकारावा. आणि त्याने दिलेले कारण फार मोलाचे आहे, ते असे की पक्षी पाळण्याच्या आणि धरण्याच्या कामात म्लेच्छ अधिक तरबेज असतात. ज्याचा त्या वस्तूशी रोजचा संबंध आहे आणि जो तो शब्द रोज उच्चारतो, त्याची साक्ष पंडिताच्या तर्कापेक्षा वरची, हे तत्त्व वेदाला परम प्रमाण मानणाऱ्या शास्त्रात मांडले गेले, ही भारतीय भाषाविचारातील अत्यंत उदार अशी घटना मानावी लागते.

सातव्या शतकात कुमारिल भट्टाने याच प्रकरणावर लिहिताना आपल्या काळच्या पंडितांची जी झाडाझडती घेतली, ती तर प्रत्येक हौशी व्युत्पत्तिकाराने समोर ठेवावी अशी आहे. द्राविड भाषेतले व्यंजनान्त शब्द कानावर पडले की हे पंडित त्यांना एखादा स्वर किंवा प्रत्यय जोडून संस्कृत बनवतात आणि मग भलताच अर्थ काढतात, असे तो म्हणतो. द्राविड लोक ‘चोर्’ म्हणतात ते भाताला, आणि पंडित ऐकतात ‘चोर’. ते ‘पाप्’ म्हणतात ते सापाला, आणि पंडितांना त्यात पाप दिसते. ‘वैर्’ म्हणजे पोट, तर यांना त्यात वैरी आढळतो. ‘माल्’ म्हणजे स्त्री, तर यांच्या हाती माळ लागते. आजच्या तमिळमधले भाताचे ‘सोरु’, सापाचे ‘पाम्बु’ आणि पोटाचे ‘वयिरु’ हे शब्द कुमारिलाच्या नोंदीची खातरी पटवतात. घरालगतच्या द्राविड भाषेत ही गत, तर पारसिक, बर्बर, यवन, रोमक यांच्या भाषांत शिरल्यावर ही मंडळी काय काय कल्पना करतील कोण जाणे, असा त्याचा रोकडा सवाल आहे. तेराशे वर्षांनंतरही तो सवाल जुना झालेला नाही, कारण एखाद्या परदेशी शब्दाचा उच्चार संस्कृत शब्दासारखा वाटला एवढ्यावरून ती सगळी भाषाच संस्कृतातून निघाली असे ठरवणारी पुस्तके मराठीतही निघत असतात, आणि त्यांच्या लेखकांचा अभिमान खरा असला तरी त्यांची रीत कुमारिलाने नाकारलेलीच असते.

या पार्श्वभूमीवर ‘मा’कडे वळले असता पहिली गोष्ट लक्षात येते ती ही, की एकट्या संस्कृतातच ‘मा’ हा एक शब्द नसून, एकसारखे ऐकू येणारे निदान चार शब्द आहेत. एक आहे ‘माम्’ या द्वितीयेच्या रूपाचा लघुपर्याय, ‘मला’ या अर्थाचा. दुसरा नाम असून त्याचा अर्थ लक्ष्मी. ‘माधव’ म्हणजे ‘मा’चा धव, लक्ष्मीचा पती, अशी जी एक पारंपरिक फोड आहे तिच्यात हाच शब्द आहे. तिसरा धातू आहे, ‘मोजणे’ या अर्थाचा, आणि त्याचा विस्तार केवढा मोठा आहे हे मान, मात्रा, प्रमाण, परिमाण, अनुमान, प्रतिमा, उपमा, निर्माण हे शब्द एका ओळीत ठेवले म्हणजे ध्यानात येते. जो चंद्र काळ मोजतो त्याच्यावरून आलेला ‘मास’ हा शब्दही याच धातूचा मानला जातो; आणि फारसी ‘माह’ म्हणजे चंद्र किंवा महिना हा त्याचाच भाऊ असल्यामुळे मराठीतले ‘मास’ आणि ‘महिना’ हे एकाच मुळातून निघून दोन वाटांनी एका घरी पोहोचलेले शब्द आहेत. या धातूला संस्कृतातच ‘मापात बसणे, आत सामावणे’ असा अर्थ आलेला होता, आणि मराठीतले ‘मावणे’ हे क्रियापद त्या अर्थाचे वंशज आहे. आनंद गगनात मावत नाही असे म्हणणारा माणूस नकळत आनंदाचे माप घेत असतो.

चौथा ‘मा’ निषेधाचा. पाणिनीने त्याला ‘माङ्’ असे नाव दिले आहे, त्यातला ङ् हा केवळ ओळखीसाठी लावलेला अनुबंध, म्हणजे उच्चारात न येणारी खूण. संस्कृतात नकाराचे दोन शब्द आहेत, आणि त्यांची कामे काटेकोरपणे वाटलेली आहेत: ‘न’ एखादी गोष्ट घडत नाही असे सांगतो, आणि ‘मा’ ती घडू नये म्हणून आडवा हात घालतो. पहिल्याचा संबंध वस्तुस्थितीशी, दुसऱ्याचा इच्छेशी. हा ‘मा’ आला की क्रियापद लुङ् या भूतकाळाच्या रूपात ठेवावे आणि त्याच्या आरंभीचा भूतकाळदर्शक ‘अ’ गाळावा, असा पाणिनीचा नियम आहे. म्हणून ‘जाऊ नकोस’ यासाठी ‘मा गाः’ असे म्हणतात. ‘अ’ गळून पडला की त्या रूपाला भूतकाळ उरत नाही, उरते ती नुसती क्रिया, आणि ती क्रिया ‘मा’ रोखून धरतो. वाल्मीकीच्या तोंडून निघालेला म्हणून जो पहिला श्लोक परंपरेने मानला, त्याचा आरंभच या शब्दाने होतो. लौकिक संस्कृत काव्याचा पहिला शब्द मारणाऱ्याला उद्देशून काढलेला निषेध आहे, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाला काव्याच्या अभ्यासकाइतकीच विचारात पाडणारी आहे.

या निषेधाचे सगोत्र दूरवर आढळतात. प्राचीन इराणी भाषांत तो ‘मा’ असाच आहे आणि जुन्या फारसी काव्यात क्रियापदाला जोडलेल्या ‘म’च्या रूपाने पुढेही दिसतो, आर्मेनियनमध्ये तो ‘मि’ आहे, ग्रीकमध्ये ‘मे’. येथे कोणी विचारील की ‘मा’ आणि ‘मे’ हे उच्चार तर वेगळे आहेत, मग त्यांना एक कसे म्हणावे? याच ठिकाणी तुलनात्मक भाषाशास्त्राची खरी कसोटी समोर येते. नाते ठरते ते उच्चार सारखा आहे यावरून ठरत नाही, फरक नियमाने पडतो यावरून ठरते. संस्कृतातल्या दीर्घ ‘आ’च्या जागी ग्रीकमध्ये ठरावीक शब्दांत दीर्घ ‘ए’ येतो: संस्कृत ‘मास’ तर ग्रीक ‘मेन’, संस्कृत धातू ‘धा’ तर ग्रीक ‘थे’. त्याच नियमाने ‘मा’चा ‘मे’ होतो, आणि शिवाय ग्रीकमध्येही वस्तुस्थिती नाकारणारा ‘ऊ’ आणि इच्छेने रोखणारा ‘मे’ अशी संस्कृतासारखीच वाटणी आहे. उच्चार भिन्न असूनही हे दोन शब्द सख्खे आहेत.

याच्या अगदी उलट उदाहरण हिमालयाच्या पलीकडे आहे. तिबेटी भाषेत क्रियापदाच्या आधी ‘म’ किंवा ‘मा’ सारखा उच्चार लावून नकार आणि निषेध करतात, ब्रह्मी भाषेतही नकार ‘म’नेच होतो. उच्चार तोच, अर्थ जवळजवळ तोच, आणि बौद्ध ग्रंथांच्या निमित्ताने संस्कृत व तिबेटी यांचा शतकानुशतकांचा सहवास. एवढे सगळे जुळल्यावर तिबेटीने हा शब्द संस्कृतातून घेतला असे म्हणण्याचा मोह कोणालाही होईल. पण तिबेटी आणि ब्रह्मी यांच्या कुळातल्या ज्या अनेक भाषांचा संस्कृताशी कधी संबंध आला नाही त्यांतही हा नकार आहे, म्हणजे तो त्या कुळाचा स्वतःचा आहे. अरबीतला ‘मा’ही भूतकाळी क्रियापदाच्या आधी येऊन ‘नाही’ हा अर्थ देतो, आणि त्याचा इतिहास आणखी निराळा आहे. त्याचा मुख्य अर्थ ‘काय’ आणि ‘जे’ असा आहे, आणि या प्रश्नातूनच नकार जन्मला असे सेमिटिक भाषांचे अभ्यासक मानतात. हे कसे घडते ते मराठी माणसाला समजावून सांगावे लागणार नाही, कारण ‘तो कसला येतोय!’ किंवा ‘याला काय कळतंय!’ ही वाक्ये रूपाने प्रश्न आणि अर्थाने ठाम नकार असतात. हा अरबी ‘मा’ मराठी कानांना अनोळखीही नाही: ‘माशाल्ला’ म्हणजे ‘अल्लाने जे इच्छिले ते’, आणि मराठीत सर्रास रुळलेला ‘माहोल’ म्हणजे शब्दशः ‘भोवती जे आहे ते’. अशा प्रकारे संस्कृत, तिबेटी आणि अरबी या तीन भाषांतले तीन नकार एका उच्चारात भेटतात आणि तिघांचे कूळ वेगळे निघते.

आई या अर्थाचा ‘मा’ मात्र या वर्गवारीत बसत नाही. तमिळ-कन्नडातली ‘अम्मा’, प्राचीन सुमेरियनमधली ‘अमा’ आणि स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरच्या बास्क भाषेतली ‘अमा’ यांना एका कुळात घालता येत नाही, उसनवारीचाही पुरावा नाही, आणि तरी हे साम्य निव्वळ योगायोग म्हणून सोडण्याइतके तुरळक नाही. जॉर्ज पीटर मर्डॉक या अमेरिकी मानवशास्त्रज्ञाने जगभरच्या भाषांतले आईबापांचे वाचक असे हजाराहून अधिक शब्द जमवले होते. त्यांच्या आधारे रोमान याकोबसन या भाषाशास्त्रज्ञाने १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात दाखवले, की आईवाचक शब्दांपैकी सुमारे ५५ टक्क्यांत म, न यांसारखे अनुनासिक व्यंजन येते, आणि बापवाचक शब्दांत हे प्रमाण सुमारे १५ टक्केच आहे. त्याचे स्पष्टीकरण असे, की अंगावर पिणाऱ्या मुलाचे तोंड गुंतलेले असताना आवाज फक्त नाकावाटे निघू शकतो. तो हुंकार पुढे भुकेची खूण बनतो, आणि ती भूक भागवणाऱ्या व्यक्तीचे नाव होतो. पण निसर्गाची ओढ असूनही शेवटचा शब्द संकेताचाच असतो, आणि जॉर्जियन भाषा त्याची साक्ष आहे: तेथे ‘मामा’ म्हणजे बाप आणि आईला म्हणतात ‘देदा’. मराठीनेही आईसाठी ‘म’ नसलेला ‘आई’ हा शब्द पुढे केला, ‘माय’ आणि ‘माउली’ यांना अधिक आर्त प्रसंगांसाठी राखले, आणि ‘मामा’ हे नाव आईच्या भावाला दिले.

उसनवारीच्या कथेत भारताचा आणि विशेषतः महाराष्ट्राचा खरा संबंध येतो. अजिंठ्याच्या २६ क्रमांकाच्या लेण्यात बोधिवृक्षाखाली बसलेल्या गौतमावर चालून आलेल्या माराचे आणि त्याच्या सैन्याचे भव्य शिल्प आहे, पहिल्या लेण्यात हाच प्रसंग रंगांत आहे. मार म्हणजे मृत्यू आणि वासना यांचा अधिपती. शब्द ‘मृ’ धातूचा, म्हणजे आतापर्यंत सांगितलेल्या एकाही ‘मा’शी त्याचे नाते नाही. बौद्ध ग्रंथ चिनीत उतरू लागले तेव्हा या नावासाठी चिनी अनुवादकांना अक्षर हवे होते, आणि जे अक्षर रुळले त्याची घडण पाहण्यासारखी आहे: वरचा भाग ‘मा’ असा उच्चार असलेल्या भांगेचा, तो केवळ ध्वनीसाठी, आणि खालचा भाग भुताचा, तो अर्थासाठी. मूळ दोन अक्षरी नाव पुढे एकाक्षरी झाले. तेच अक्षर जपानमध्ये गेले आणि ‘मा’ असे उच्चारले जाऊ लागले. सैतानासाठीचा जपानी शब्द ‘आकुमा’ म्हणजे ‘दुष्ट मा’. तेच व्हिएतनाममध्ये गेले, आणि तेथे सपाट सुरातला ‘मा’ म्हणजे साधे भूत, अंधारात मुलांना ज्याची भीती वाटते ते. या भुताचा मूळपुरुष अजिंठ्याच्या भिंतीवर आहे हे व्हिएतनामी आजीला सांगून तिच्या शब्दाचा अर्थ बदलणार नाही, आणि बदलूही नये. शब्द कोठून आला हे शोधून काढणे हा अभ्यासकाचा आनंद आहे. पण त्या शोधामुळे शब्दावर मालकी सांगता येत नाही, कारण शबराने म्हटल्याप्रमाणे अर्थाची साक्ष वापरणाऱ्यांनीच द्यायची असते.

जपानीत या उसन्या ‘मा’शेजारी एक देशी ‘मा’ही नांदतो, अंतर किंवा अवकाश या अर्थाचा. दोन खांबांमधली जागा, दोन शब्दांमधला विराम, नटाने संवादाआधी घेतलेली स्तब्धता, हे सारे ‘मा’. ज्याच्यात ‘मा’ नाही त्याला जपानीत ‘मानुके’ म्हणतात, म्हणजे मूर्ख.

तमिळमधल्या ‘मा’लाही अनेक अर्थ आहेत: आंबा, पीठ, घोडा किंवा हत्तीसारखा मोठा पशू, आणि जुन्या हिशेबांत विसावा हिस्सा. यांपैकी आंब्याचा ‘मा’ जगभर पोहोचला आहे. तमिळमध्ये ‘काय’ म्हणजे कच्चे फळ, म्हणून ‘मांकाय’. तमिळ-मलयाळम मुलखातला हा शब्द पोर्तुगीजांनी ‘मांगा’ असा उचलला आणि त्यावरून युरोपातल्या बहुतेक भाषांनी आपापली रूपे बनवली. गोव्यात आंब्याची कलमे वाढवणाऱ्या पोर्तुगीजांनी फळाचे नाव दक्षिणेकडून घेतले, आणि मराठी-कोकणीचा ‘आंबा’, जो संस्कृत ‘आम्र’पासून आला, तो मात्र आपल्या मुलखातच राहिला.

युरोपीय ‘मा’ची हकिकत थोडक्यात सांगता येते. इटालियन ‘मा’ म्हणजे ‘पण’ हा लॅटिन ‘मागिस’ म्हणजे ‘अधिक’ या शब्दाचा झिजलेला अवशेष आहे, आणि फ्रेंच ‘मा’ म्हणजे ‘माझी’ हा लॅटिन ‘मेआ’चा. एका आईच्या दोन लेकींनी दोन वेगळ्या शब्दांना झिजवून एकाच आकाराचे केले. ‘अधिक’ मधून ‘पण’ निघावा याचे नवल वाटल्यास मराठी ‘पण’ हा संस्कृत ‘पुनः’ म्हणजे ‘पुन्हा’ यापासून आलेला आहे हे आठवावे.

शेवटी मराठीतला ‘मा’. शके १२१२ मधल्या, म्हणजे इ. स. १२९० च्या ज्ञानेश्वरीत ‘मा’ हे अव्यय ठिकठिकाणी येते, त्याचा अर्थ ‘मग’, ‘तर मग’ असा आहे, आणि युक्तिवादाला वळण देताना किंवा श्रोत्याला प्रश्न करताना ज्ञानदेव ते योजतात. संस्कृत निषेधाची आठवण ठेवून ते वाचणारा वाचक हमखास उलटा अर्थ करून बसेल, आणि कुमारिलाने ज्यांना खडसावले त्या पंडितांच्या रांगेत जाऊन उभा राहील. निषेधाचे काम त्या मराठीत ‘झणें’ आणि ‘नको’ करत होते. ‘नको’ तर पुढे इतका बळकट झाला की दख्खनी उर्दूनेही तो ‘नक्को’ म्हणून आपलासा केला. ‘मग’ या अर्थाचा ‘मा’ प्रमाण मराठीतून गेला, आणि त्याची समज आज ज्ञानेश्वरीच्या टिपांवर आणि शब्दकोशांवर अवलंबून आहे, कारण साक्ष द्यायला तो शब्द बोलणारे कोणी उरलेले नाही. म्हणून बोलींमधल्या अशा एकाक्षरी अव्ययांची नोंद ती बोलणारी माणसे हयात असतानाच झाली पाहिजे. मोठी नामे आणि क्रियापदे कोशात सहज शिरतात. ‘गा’, ‘ना’, ‘की’ यांसारखे शब्द वाक्याच्या टोकाला असल्यामुळे निसटतात, आणि त्यांचा अर्थ नुसत्या शब्दात सांगता येत नसल्यामुळे तो पूर्ण वाक्यासह, सुरासह आणि कोण कोणाला म्हणाले यासह टिपावा लागतो. अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी घरांत बोलणाऱ्यांनी, आणि त्या घरांतून महाविद्यालयांत आलेल्या विद्यार्थ्यांनी, हे काम हाती घ्यावे.

संस्कृताचा निषेधवाचक ‘मा’ मराठीत टिकला नाही, पण तो मेलेला नाही. गुजरातीत ‘बोल मा’ म्हणजे ‘बोलू नकोस’. आणि सुमारे हजार वर्षांपूर्वी भारत सोडून इराण, आर्मेनिया, बायझन्टाइन प्रदेश असा प्रवास करत युरोपात पोहोचलेल्या रोमा लोकांच्या अनेक बोलींत, रुमानिया, हंगेरी, स्लोव्हाकियातल्या वस्त्यांमध्ये, दाराबाहेर धावणाऱ्या मुलाला आजही ‘मा जा’ असेच म्हणतात, आणि त्याचा अर्थ ‘जाऊ नकोस’ असा आहे.